शारदा सदनाच्या दोन समित्या

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी पाककृती येतात, प्रवासवर्णने येतात, कोणी हौसेने कविता देते. या खेपेस मी थोडा इतिहास लिहिते आहे, आणि त्याला कारण आहे. येत्या वार्षिक सभेत आपल्याला नवी कार्यकारिणी निवडायची आहे. निवडणूक जवळ आली की आपल्यात बोलणे होते ते ‘कोण उभी राहणार’ एवढेच. कार्यकारिणी कशी असावी, तिच्यात कोणकोण असावे, आणि कोण नसले म्हणजे काय बिघडते, याचा विचार सहसा होत नाही. आपल्याआधी फार मोठ्या माणसांनी या गोष्टीचा अनुभव घेतला आहे. त्यांना त्याची किंमतही मोजावी लागली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दुपारची कामे आटोपली की वाचनालयातून आणलेली चरित्रे वाचावयाची, एवढाच माझा अभ्यास. त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवते.

पंडिता रमाबाईंचे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. १८८२ साली पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ साली तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. हिंदुस्थानातील उच्चवर्णीय बालविधवांचे हाल त्यांनी व्याख्यानांतून आणि १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकातून तिकडच्या लोकांपुढे मांडले. अशा मुलींसाठी घर आणि शाळा काढावयाची, तिथे त्यांना राहता यावे, शिकता यावे आणि पुढे आपल्या पायावर उभे राहता यावे, हा त्यांचा संकल्प होता.

या कामासाठी १८८७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बोस्टन शहरी ‘रमाबाई असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. सभासदाने वर्षाला एक डॉलर द्यावयाचा आणि तो दहा वर्षे देत राहावयाचे, अशी योजना होती. एका मोठ्या देणगीवर न विसंबता पुष्कळांच्या थोड्या थोड्या वर्गणीवर संस्था उभारण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. आपले मंडळही तसेच चालते.

या बोस्टनच्या समितीची रचना पाहण्यासारखी आहे. ख्रिस्ती धर्मातही पुष्कळ पंथ आहेत आणि त्या काळी त्यांचे आपसात फारसे पटत नसे. तरीही या संस्थेचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे एका पंथाचे, उपाध्यक्षांपैकी फिलिप्स ब्रूक्स दुसऱ्या पंथाचे, तर जॉर्ज गॉर्डन तिसऱ्याच पंथाचे होते. दारूबंदीच्या चळवळीतील प्रसिद्ध पुढारी फ्रान्सिस विलर्ड याही उपाध्यक्षांत होत्या. रोजचा कारभार पाहणाऱ्या कार्यकारी समितीच्या प्रमुख ज्यूडिथ अँड्र्यूज या बाई होत्या. शाळा कोणा एका पंथाच्या हाती जाऊ नये, म्हणून वेगवेगळ्या मतांची माणसे मुद्दाम एकत्र आणली होती. शाळेत धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही, कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करावयाची नाही, असेही ठरले होते.

दुसरी समिती आपल्या देशात होती. ही सल्लागारांची. तिच्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. विद्वत्तेत, चारित्र्यात, समाजसुधारणेच्या तळमळीत त्यांच्या तोडीची माणसे त्या वेळी महाराष्ट्रात मोजकीच. ख्रिस्ती झालेल्या बाईच्या हाती आपली विधवा मुलगी किंवा बहीण सोपविण्यास कोण धजावणार? परंतु रानडे-भांडारकरांसारखी माणसे पाठीशी आहेत म्हटल्यावर पालकांना धीर आला. म्हणजे पैसा बोस्टनचा, विश्वास पुण्या-मुंबईच्या या गृहस्थांचा आणि राबणे रमाबाईंचे, अशा तीन पायांवर ही संस्था उभी राहिली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक शारदा सदन सुरू झाले. उद्घाटनाच्या सभेच्या अध्यक्षस्थानी लेखिका काशीबाई कानिटकर होत्या. सुरुवातीला मुली दोनच. त्यांपैकी विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या गोदूबाई. याच पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी झाल्या आणि बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्यास आले. मुलींना आपापल्या चालीरीतींप्रमाणे, सोवळ्या-ओवळ्याप्रमाणे राहण्याची मोकळीक होती. मुलींची संख्या वाढू लागली.

आणि मग बिनसले. काय बिनसले ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या उपयोगाचा धडा तिथेच आहे.

रमाबाई आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तिथे जाऊन बसू लागल्या. अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनातील मुलींना ख्रिस्ती धर्माची ओढ वाटू लागल्याचा मजकूर आला, तो इकडे पोचला आणि गवगवा झाला. ‘केसरी’तून टीका सुरू झाली. सल्लागार मंडळी अडचणीत आली. त्यांच्या शब्दावर पालकांनी मुली पाठविल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे की, मुली लहान आहेत, निराधार आहेत, सदनाच्या चालिकेविषयी त्यांच्या मनात आदर आहे. तेव्हा तिच्या प्रार्थनेला त्यांना बसू देणे म्हणजे त्यांच्या मनावर वजन टाकणेच होय. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणाला बोलावीत नाही आणि कोणाला हाकलणारही नाही. मुलींना आपल्या देवाची पूजा करण्याची मोकळीक आहे, तशीच मला माझ्या देवाची प्रार्थना करण्याची आहे. ती मी दार लावून, चोरून करणार नाही. बोस्टनच्या समितीने रमाबाईंची बाजू उचलून धरली.

अखेर १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर यांनी शारदा सदनाशी आपला संबंध तोडल्याचे जाहीर केले. पालक घाबरले. वीस-पंचवीस मुलींना त्यांच्या घरच्यांनी सदनातून काढून नेले. बोस्टनहून ज्यूडिथ अँड्र्यूजबाई प्रत्यक्ष पाहणीसाठी इतक्या दूर आल्या. पण गेलेला विश्वास परत आला नाही. रमाबाईंचे काम थांबले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातील शेकडो अनाथ मुली-बायकांना आश्रय दिला आणि केडगावला मुक्तिसदन उभारले. मात्र पुण्यातील हिंदू घरे आणि रमाबाई यांच्यामधला पूल तुटला तो तुटलाच.

यात दोष कोणाचा, हे ठरविणे माझे काम नव्हे. दोन्ही बाजूंची माणसे सच्ची होती. मी कार्यकारिणीच्या दृष्टीने पाहते, तेव्हा मला दोन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट अशी की, ‘धर्मात ढवळाढवळ करावयाची नाही’ हे सर्वांनी मान्य केले होते. मात्र त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या मनात वेगळा धरला होता. रमाबाईंच्या मते ढवळाढवळ नाही म्हणजे सक्ती नाही. सल्लागारांच्या मते ढवळाढवळ नाही म्हणजे मुलींच्या मनावर सावलीदेखील पडू द्यावयाची नाही. एकाच वाक्याखाली दोन अर्थ नांदत होते. भिन्न मतांची माणसे समितीवर असणे चांगले, परंतु ज्या बाबतीत मते भिन्न आहेत ती बाब कामाच्या आरंभीच उघड बोलून घेतली नाही, तर नेमकी तीच पुढे संस्था मोडते. लग्नात देण्याघेण्याची यादी करताना आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगत, ‘भांडायचे ते आज भांडा, मांडवात नको.’ समितीचेही तसेच आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. बोस्टनला समिती होती, इकडे सल्लागार मंडळ होते, वर्तमानपत्रे होती. या सगळ्यांनी मुलींविषयी पुष्कळ चर्चा केली. परंतु ज्यांच्यासाठी हे घर उभारले, त्या मुलींपैकी किंवा त्यांच्या घरच्या बायकांपैकी कोणी या चर्चेत बरोबरीने बसल्याचे माझ्या वाचनात आले नाही. मुलींना काय वाटते हे प्रत्येक जण आपल्या मनाने सांगत होता. त्या काळी तसे होणे कठीणच होते, हे खरे. पण वीस-पंचवीस मुलींचे शिक्षण एका झटक्यात तुटले, ते त्यांना न विचारता.

आता पुढचा इतिहास पाहा. माणसे अनुभवाने शहाणी होतात, ती अशी.

धोंडो केशव तथा अण्णासाहेब कर्वे यांचा गोदूबाईंशी पुनर्विवाह झाला तो ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे शारदा सदनाच्या वाढदिवशीच. त्याच वर्षी ऑगस्टात सदनाची फाटाफूट झाली. ती सर्व कर्व्यांच्या डोळ्यांसमोर घडली. १४ जून १८९६ रोजी त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि तिच्या अध्यक्षपदी डॉक्टर भांडारकरांना बसविले. ज्यांनी एका संस्थेचा राजीनामा दिला, त्यांनाच दुसऱ्या संस्थेचे अध्यक्ष केले! लोकांचा उडालेला विश्वास कोणत्या माणसामुळे परत येईल, हे कर्व्यांनी बरोबर ओळखले होते. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी आहे, पुनर्विवाहाच्या प्रचारासाठी नाही, ही रेघही त्यांनी आरंभीच स्पष्ट ओढली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगणे येथे सहा एकर जमीन दिली आणि १९०० साली आश्रम तिकडे गेला. अण्णासाहेब शहरातून रोज पायी हिंगण्याला जात.

त्या स्पष्ट रेघेचीही किंमत होती, आणि ती बाया कर्व्यांना द्यावी लागली. त्या स्वतः पुनर्विवाहित. त्यामुळे पतीच्या आश्रमाच्या कामात त्यांना उघडपणे भाग घेता येत नसे; लोकांना शंका यावयाची. शारदा सदनात शिकलेली, विधवेचे दुःख भोगलेली, कामाला वाघीण अशी बाई, आणि तिला बाहेर उभे राहावे लागले. संस्थेच्या हितासाठी कोणाला बाहेर ठेवावे लागले, तर त्या माणसाचे दुःख संस्थेने विसरू नये, असे मला वाटते.

पण याच आश्रमात एक नवी गोष्ट घडली. तिथे शिकलेल्या वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर यांच्यासारख्या स्त्रियांनी पुढे आश्रमाचेच काम अंगावर घेतले. बायांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. आश्रमासाठी निधी जमविण्यास त्या गावोगाव हिंडल्या आणि १९१८ साली इंग्रजी फारसे येत नसताना थेट अमेरिकेस गेल्या. म्हणजे ज्यांच्यासाठी संस्था, त्याच संस्थेच्या खांब झाल्या.

तिसरा दाखला सेवासदनाचा. मुंबईचे सेवासदन १९०८ साली बेहरामजी मलबारी या पारशी गृहस्थांनी आणि दयाराम गिदूमल या सिंधी गृहस्थांनी काढले, आणि अध्यक्षपद दिले रमाबाई रानडे या महाराष्ट्रीय स्त्रीला. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यास रमाबाईंच्या राहत्या घरी पुणे सेवासदन सुरू झाले. चिटणीस गोपाळ कृष्ण देवधर आणि अध्यक्षा रमाबाई. १९२४ साली त्यांचा मृत्यू झाला तोपर्यंत त्याच अध्यक्षा होत्या. म्हणजे शारदा सदनाच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे होते, आणि सोळा वर्षांनी त्यांच्या पत्नी स्वतः संस्थेच्या मुख्य खुर्चीवर बसल्या. याचा परिणाम कामात दिसला. प्रौढ, लग्न झालेल्या बायकांसाठी सेवासदनात दुपारचे वर्ग असत. सकाळी स्वयंपाक, संध्याकाळी पुन्हा चूल. मधले दोन-तीन तासच काय ते बाईचे, हे जिने संसार केला तिलाच कळते. परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी सेवासदनाने विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात पाठविले. परक्या माणसाची शुश्रूषा हे काम त्या वेळी चांगल्या घरच्या मुलींचे मानीत नसत. तरीही मुली गेल्या, कारण ‘पाठवा’ असे सांगणारी रमाबाईंसारखी बाई होती.

आणि चौथा दाखला आपल्या आठवणीतला, ज्याचा पापड आपल्या डब्यात असतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास सुरुवात केली. तेच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली. तिची कार्यकारिणी एकवीस जणींची, आणि त्या पापड लाटणाऱ्या बहिणींमधूनच येतात. बाहेरच्या मोठ्या माणसांचे मार्गदर्शन त्यांनी घेतले. पण खुर्ची आपल्या हातची सोडली नाही.

भगिनींनो, बोस्टनपासून गिरगावापर्यंतची ही वाटचाल एका ओळीत सांगावयाची तर अशी: आधी दुसऱ्यांनी आमच्यासाठी समिती केली, मग आमच्यातल्या शिकलेल्या बायका समितीवर आल्या, आणि शेवटी ज्यांचे काम त्यांचीच समिती झाली.

आता आपल्या घराकडे वळू. संस्था नोंदणीचा १८६० चा जुना कायदा सांगतो की, संस्था नोंदवावयाची तर निदान सात माणसे हवीत. कार्यकारिणी बदलली की तो बदल धर्मादाय कार्यालयाला नव्वद दिवसांच्या आत कळवावा लागतो, हे आपल्या चिटणीसबाईंना चांगले ठाऊक आहे. कायदा माणसे मोजतो. ती कोणत्या आळीतली आहेत, कोणत्या वयाची आहेत, हे तो पाहत नाही. ते आपणच पाहिले पाहिजे.

आपल्या कार्यकारिणीकडे बघा. सगळ्या जणी चांगल्या, कष्टाळू, हिशेबाला चोख. पण बहुतेक जणी एकाच रस्त्यावरच्या, पन्नाशीच्या पुढच्या आणि दुपारी घरी असणाऱ्या. आपल्या शिवणवर्गात मात्र बहुसंख्य मुली मागच्या वस्तीतल्या येतात. धुणीभांडी करणाऱ्या, पोळ्या लाटून देणाऱ्या, दुकानात कामाला जाणाऱ्या बायका आपल्या भिशीत आहेत, हळदीकुंकवाला येतात, वर्गणीही वेळेवर देतात. कार्यकारिणीवर त्यांच्यातली एकही नाही. गेल्या वर्षी शिवणवर्गाची वेळ बदलली तेव्हा सात-आठ मुली येईनाशा झाल्या. आपण म्हटले, ‘त्यांना शिकायची आवडच नाही.’ त्यांची कामाची वेळ तीच होती, हे सांगायला सभेत कोणी नव्हते. शारदा सदनाच्या मुलींविषयी जसे सगळे जण आपल्या मनाने बोलत, तसेच हे झाले.

म्हणून माझी सभेला नम्र सूचना आहे. नव्या कार्यकारिणीत निदान दोन जागा शिवणवर्गातल्या किंवा वस्तीतल्या भगिनींसाठी ठेवाव्यात आणि एक जागा तिशीच्या आतल्या सुनेसाठी किंवा मुलीसाठी. त्यांना नुसते शोभेला बसवू नये. वर्गाचे वेळापत्रक, भिशीचा हिशेब असे एखादे काम पूर्णपणे त्यांच्याकडे द्यावे. कामाशिवाय दिलेली जागा म्हणजे पंगतीत बसवून पान न वाढणे होय. कार्यकारिणीची बैठक दुपारी तीनला भरते, ती संध्याकाळी भरवावी. रमाबाई रानड्यांच्या काळी बाई दुपारी मोकळी असे, म्हणून वर्ग दुपारी. आज नोकरीवरची, कामावरची बाई संध्याकाळी मोकळी होते. वेळ बदलली पाहिजे, तत्त्व तेच आहे.

आणि शेवटची सूचना. नव्या कार्यकारिणीने पहिल्याच बैठकीत अवघड प्रश्न बोलून घ्यावेत. मंडळात कोणत्या देवाची आरती म्हणावयाची, निवडणुकीतील उमेदवाराची देणगी घ्यावयाची की नाही, भिशीचा हप्ता चुकला तर काय करावयाचे, हे प्रश्न गोडीगुलाबीच्या दिवसांत निघाले म्हणजे त्यांची उत्तरे सापडतात. जे ठरेल ते इतिवृत्तात सोप्या शब्दांत लिहून सर्वांना वाचून दाखवावे आणि ‘तुम्हाला यातून काय समजले?’ असे प्रत्येकीला विचारावे. रानडे, भांडारकर आणि पंडिता रमाबाई यांच्यासारख्या थोरांना जे साधले नाही, ते आपल्याला साधेल असा माझा दावा नाही. पण त्यांचे काय चुकले हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ते त्यांना ठाऊक नव्हते, एवढा तरी फायदा आपण घ्यावा.

लिहिण्यात अधिक-उणे झाले असेल तर भगिनींनी सांभाळून घ्यावे. सूचना मात्र सभेपुढे जरूर ठेवावी. पटली नाही, तर का पटली नाही ते सभेतच उभे राहून सांगावे. मला ते अधिक आवडेल.